अस्तर

चंद्रकलेनं मनगट धरलं तेव्हा राघोच्या ध्यानात आलं, की आपला अंगठा मघापासून गोधडीवर काहीतरी दाबतो आहे. शकू तापानं फणफणून भिंतीकडे तोंड करून पडली होती. तीन वर्षांची पोर, पण तापानं चेहरा एकदम मोठ्या माणसासारखा झाला होता. गालाच्या हाडाखाली खळगा पडला होता. परवापर्यंत तो नव्हता. राघो त्या खळग्याकडे बघत बसला होता आणि त्याचा अंगठा गोधडीच्या घडीवर तोच खळगा उठवत होता. आधी दाबायचा, मग हाडाकडून खाली ओढायचा आणि हलकेच सोडून द्यायचा, ओल्या मातीवर सोडतात तसा.

"पोरीला बघताय का माप घेताय तिचं?" चंद्रकला म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. ती पाण्यातली पट्टी पिळत होती आणि पिळता पिळताच बोलली. राघोनं हात मागे घेतला, मांडीखाली दाबून ठेवला. चंद्रकलेनं पट्टी शकूच्या कपाळावर ठेवली, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पाणी बदलायला आत गेली. बाहेर दुपारचं ऊन होतं. शेजारच्या अंगणात कुणीतरी मिरच्या वाळत घालत होतं, त्यांचा तिखट वास इथपर्यंत येत होता. शकू झोपेतच शिंकली, आणि पोरीत अजून जोर आहे म्हणून राघोला आधी बरं वाटलं आणि मग मघाचा अंगठा आठवून स्वतःची किळस आली.

हे सगळं गावाहून नामा आला तेव्हापासून सुरू झालं होतं. राघो शहापुरात एका लाकूड-कोळशाच्या वखारीवर मुकादम होता. साऱ्या जगात चाललेल्या लढाईमुळे पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या, आणि कोळशाला कधी नव्हे तो उठाव आला. त्यामुळे वखारीत दिवसभर धांदल असे. त्याचं गाव तिकडे मुरबाडच्या अंगाला, वैशाखऱ्याच्या अलीकडे घाटाच्या पायथ्याशी. तिथे दर चैत्रात बोहाडा होई. गावातली माणसं देवांची, राक्षसांची सोंगं घेऊन, तोंडावर कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून संबळाच्या ठेक्यावर नाचत. सगळी सोंगं होऊन गेली की शेवटी जगदंबा येई. तो जगदंबेचा मुखवटा राघोनं केलेला. आठ सालं झाली त्याला. आधी मामा करायचा, मामाच्या हाताखाली राघो शिकला. पण मामाच्या हातची जगदंबा डोळे वटारून बघायची, आणि राघोची तशी नव्हती. ती रडत नव्हती, पण नुकतीच रडून उठल्यासारखी दिसायची. आसपासच्या गावांतल्या बाया तिच्या दर्शनाला यायच्या आणि पदर डोळ्याला लावून जायच्या.

देवळाचा कारभार बघणारा नामा तो मुखवटा गोणपाटात गुंडाळून वखारीवर घेऊन आला. त्यानं गोणपाट उलगडलं. नाक गेलं होतं, एक गाल पार गेला होता. चिंचोक्याच्या खळीच्या वासानं उंदरांनी माळ्यावर डाव साधला होता.

"तूच केला व्हता, आता तूच कर," नामा म्हणाला. "पर व्हता तसाच हवा, राघो. बाया ऐकायच्या नाय."

त्या वेळी उकिडवे मास्तर जळणाचं लाकूड बघायला आले होते. ते शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. मुंबईला शिकून आलेले, पण माणूस साधा, राघोशी दोस्तासारखे बोलायचे. त्यांनी तो फाटका मुखवटा हातात घेतला, उन्हात धरला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "तसा आता कसा होईल, नामा? तेव्हा राघोची पहिली बायको गेली होती. जिवाला पीळ पडल्याशिवाय हातून असं काही उतरत नाही. आता देवाच्या दयेनं त्याचं बरं चाललंय."

"मग काय, वायीट व्हायची वाट बघू काय?" नामा म्हणाला, आणि तिघंही हसले. राघोही हसला. मास्तर मनापासून बोलले होते, त्यात खोच नव्हती. पण त्या दिवशी घरी जाताना राघोला आपलं घर उगीचच दुरून दिसलं. सारवलेलं अंगण, चुलीचा धूर, कडेवर शकूला घेऊन दारात उभी असलेली चंद्रकला. आपलं बरं चाललंय हे त्याला तोवर असं कधी जाणवलं नव्हतं. आता जाणवलं, आणि काहीतरी हरवल्यासारखं वाटलं.

कारण मास्तर बोलले त्यात नवं काही नव्हतं. राघो स्वतःही तेच मानत आला होता. काशी, त्याची पहिली बायको, फाल्गुनात बाळंतपणात गेली. मूलही गेलं. पुढच्या महिन्यात बोहाडा झाला आणि गावानं नवी जगदंबा पहिल्यांदा पाहिली. बघणाऱ्यांना काशीचं सगळं ठाऊक होतं. त्यांनी मुखवट्याकडे पाहिलं, मग राघोकडे पाहिलं, आणि जे समजायचं ते समजून घेतलं. पुढे राघो शहापूरला आला, उकिडवे मास्तर एकदा मुद्दाम बोहाडा बघायला गावी गेले, आणि त्यांनी विचारलं, हा कधी केलास? बायको गेली त्या सालात, असं राघो म्हणाला होता. तेवढंच म्हणाला होता. मास्तर तो किस्सा दुसऱ्यांना सांगताना म्हणाले, बायको गेली त्या दुःखात. राघोनं ते ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही. हळूहळू त्याला आठवायलाही तसंच लागलं. रिकाम्या घरात आपण एकटे बसलो आहोत, पुढ्यात मुखवटा आहे, ब्रशानं डोळे काढतो आहोत आणि डोळ्यांतलं पाणी रंगात पडतं आहे, असं त्याला अगदी लख्ख दिसायचं. त्या आठवणीचा त्याला आधार होता. काशी अगदीच गेली नव्हती, जाताना काहीतरी देऊन गेली होती. मरण असं हिशेबात बसलं की माणसाला रात्री झोप लागते. काशीची आई धोंडीबाई दर वर्षी जगदंबेच्या पायाशी नारळ ठेवायची आणि राघोला म्हणायची, "माझी लेक हितं र्‍हायली, बाबा." आणि राघो मान हलवायचा.

नामा गेल्यावर त्यानं माती भिजवली. मुखवट्याला आधी मातीचा चेहरा करावा लागतो, त्यावर खळ लावलेले कागद चढवायचे, वाळल्यावर आतली माती काढून टाकायची. मातीचा चेहरा झाला, पण तो दिवाळीच्या कॅलेंडरातल्या लक्ष्मीसारखा गुबगुबीत झाला. राघोनं मोडला. दुसरा केला, तोही तसाच. ही बाई पोटभर जेवलेली आहे, असं त्याचं त्यालाच वाटलं. त्यानं मुद्दाम काशीचं मरण आठवून पाहिलं. सुईण बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली ते आठवलं, आतला वास आठवला. आठवायचं आणि हात मातीत घालायचे. पण पान्हा आटलेल्या गाईला वासरू दाखवावं तसं झालं. आतून काही हललं नाही. आठ वर्षांत ते दुःख वापरून वापरून गुळगुळीत झालं होतं.

आणि मग शकूला ताप आला. अंगण झाडताना चंद्रकलेनं हाक मारली, "अवो, हिचं अंग बघा," आणि राघोनं पोरीच्या गळ्याला हात लावला तेव्हा त्याच्या मनात पहिला शब्द उठला तो 'आता'. आता काय, ते पुढे आलं नाही. काळजीच्या गर्दीत ते तेव्हा मागं पडलं. पण ताप चढत गेला, हुडहुडी भरून येई, उतरे, पुन्हा येई. दवाखान्यात हिवताप म्हणून सांगितलं, आणि त्यावरचं औषध, कोयनेल, शिल्लक नाही म्हणूनही सांगितलं. लढाईमुळे कुठेच येत नव्हतं. त्या दुपारी चंद्रकलेनं त्याचं मनगट धरलं आणि ती आत गेली, तेव्हा ते वाक्य पुरं झालं. पोरगी गेली तर मुखवटा होईल.

ती इच्छा नव्हती. राघोनं स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं, की ती इच्छा नव्हती. वखारीत गाडी रिकामी झाली की आपोआप मनात बेरीज होते तशी ती झाली होती. शकूसाठी त्यानं तिथल्या तिथे जीव दिला असता, हेही खरं होतं. दोन्ही एकाच डोक्यात, एकाच वेळी खरी होती, आणि एकानं दुसरं पुसलं जात नव्हतं. तो उठून अंगणात गेला. पायाखालची माती तापली होती, तरी अनवाणी उभा राहिला. मग त्याच्या मनात आलं, की हे उभं राहणंसुद्धा आपण कुठेतरी टिपून ठेवतो आहोत. तेव्हा मात्र तो घाबरला. आपल्या आत कुणीतरी बसलं आहे, ते पोरीच्या उशाशी बसतं आणि खळग्यांची मापं घेतं, त्याला पोरगी जगली काय नि मेली काय दोन्हीत कामाचंच काहीतरी मिळणार आहे. त्याला हाकलायचं कसं, ते त्याला कळेना.

कोयनेल मिळवलं ते उकिडवे मास्तरांनी. ते उन्हातून आटगावला गेले, स्टेशनातल्या ओळखीच्या माणसाकडून त्याच्या घरच्या गोळ्या मागून आणल्या, आणि घामानं भिजलेला कोट न काढता दारातूनच पुडी चंद्रकलेच्या हातात दिली. गोळ्या कडू, शकूनं दोनदा ओकून टाकल्या. तिसऱ्यांदा गुळात घालून दिल्या. तिचा डोळा लागला आणि चंद्रकलाही तिच्या शेजारी भिंतीला टेकून पेंगली. राघो पडवीत आला, ओलं फडकं बाजूला केलं आणि माती ओढली. त्याला थांबता आलं नाही. अंगठ्याला सगळं पाठ होतं. थोड्या वेळात गाल झाला, खळगा झाला, कोरडे ओठ झाले. हात बऱ्याच दिवसांनी असे बिनचूक चालले होते.

चंद्रकला कधी येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही. तिनं मातीकडे पाहिलं. "ही देवी नाय," ती म्हणाली. "ही आपली शकू हाय, आजारी. घरात ठेवू नका हे."

"काम हाय माझं," राघो म्हणाला.

"असू दे. मी काय देवाच्या कामाला नाय म्हणत नाय. पर पोर आत कण्हती आन् तुमी बाहेर तिचं कण्हणं करत बसलाव. ती उठंल, चालत हितं येईल, आन् हे बघंल. तिला काय सांगू?"

राघोनं चेहऱ्याकडे पाहिलं. चंद्रकला बरोबर बोलत होती, निव्वळ कामाच्या दृष्टीनंही बरोबर. हुबेहूब झाला होता आणि त्यापलीकडे काहीच झाला नव्हता. तापलेलं मूल, बस्स. याच्यापुढे कुणी नारळ ठेवला नसता, फार तर औषध विचारलं असतं. त्यानं तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं आणि दोन्ही हातांनी चेहरा कालवून टाकला. चंद्रकला ते होईपर्यंत उभी राहिली.

ताप उतरला. एका दुपारी शकू उठून बसली आणि तिनं पेज मागितली, वर मीठ कमी आहे म्हणून तक्रारही केली. चंद्रकला चुलीपुढे बसून रडली, मग मीठ घेऊन आली. राघो वखारीवर जायला लागला. बोहाडा जवळ आला होता आणि नामाचा निरोप आला होता. आता अडचण कागदाची होती. लढाईनं कागद सोन्याच्या मोलाचा केला होता. मास्तरांनी शाळेतले जुने ड्रॉइंगचे ताव दिले, तरी पुरणार नव्हते. तेव्हा राघोनं ठरवलं की उंदरांनी खाल्लेला जुना मुखवटाच भिजवायचा आणि त्याचा लगदा नव्यात घालायचा. देवीचा कागद देवीलाच जाईल, त्यात वावगं काही नव्हतं.

सुट्टीचा दिवस होता. त्यानं घमेल्यात पाणी घेतलं आणि मुखवटा पालथा घातला. आत कापडाचं अस्तर होतं. नाचणाऱ्याचा घाम कागदाला लागू नये म्हणून ते लावतात. आधी ते काढायला हवं होतं. राघोनं सुरीचं टोक टाक्याखाली घातलं आणि त्याचा हात थांबला. कापड हिरव्या लुगड्याचं होतं. काशीचं. त्याला ते ठाऊक होतं, कधीतरी ठाऊक होतं. पण तो टाक्यांकडे बघत होता. टाके मोठे होते आणि उलट्या अंगाला तिरपे होते. काशी डावखुरी होती. तिच्या हातचं सगळंच असं उलटं तिरपं व्हायचं, गोधड्यासुद्धा, आणि धोंडीबाई त्यावरून तिला बोलायची. त्यानं मुखवटा सुलटा केला. कडेला जिथं दोरा बाहेर आला होता तिथं तो रंगावरून गेला होता. दोऱ्यानं रंग जरासा ओरबाडला होता. रंग दोऱ्यावर नव्हता, दोरा रंगावर होता.

अस्तर शेवटी लावतात. माती काढून, रंग देऊन, डोळे काढून, सगळं वाळल्यावर. काशीनं अस्तर शिवलं तेव्हा मुखवटा पुरा झालेला होता.

राघो घमेल्यापुढे बसून राहिला. एवढी साधी गोष्ट. त्याचीच कारागिरी, कुठलं काम कशाच्या आधी नि कशाच्या नंतर हे त्याला झोपेत उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं, आणि आठ वर्षं त्यानं हे बघितलं नव्हतं. रिकामं घर नव्हतंच. रंगात पाणी पडलं नव्हतं. माघाचे दिवस होते, काशी खांबाला पाठ टेकून, पाय लांब करून बसलेली होती, कारण पोटामुळे तिला मांडी घालता येत नव्हती. तो देवीचे डोळे काढत होता आणि ती म्हणत होती, हिला झोप नाय झालेली, माझ्यावानी. तिला झोप होत नव्हती. मूल आत लाथा मारायचं. तेवढंच होतं त्या डोळ्यांत. एका गरोदर बाईचं जागरण, आणि ते काढणाऱ्या माणसाचा आनंद, की आपल्याला मूल होणार आहे. त्या दिवशी त्याच्याइतका सुखी माणूस घाटाखाली नसेल.

त्याला आधी हलकं वाटलं. मास्तरांचं चुकलं, आपलंही चुकलं, हात दुःखावर चालत नव्हते. पण ते हलकेपण टिकलं नाही. त्याच्या मागोमाग दुसरं आलं आणि ते जड होतं. मग काशी गेली ती कशासाठी? त्या मरणातून जगदंबा आली, असं आठ वर्षं धरून चाललो. जगदंबा तर आधीच झाली होती, भिंतीला टांगलेली होती. काशी तिच्या खालीच कळा देत होती. तिच्या मरणातून काही आलं नाही. एक बाई मेली, एक मूल मेलं, आणि कुणाला काही मिळालं नाही. मिळालंच असेल तर उलट. त्यानंतर दोन वर्षं त्यानं मातीला हात लावला नव्हता, हेही आता आठवलं. मामानं बोलावलं तेव्हा हात दुखतो म्हणून सांगितलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. पडवीत ऊन आलं, पाठीवर आलं, तरी तो हलला नाही. आठ वर्षांपूर्वी रडायला हवं होतं तसं तो आता रडला, कशाच्याही उपयोगाचं नसलेलं. चंद्रकला दारापर्यंत आली, हिरवं कापड बघितलं, परत गेली आणि शकूला घेऊन शेजारी जाऊन बसली.

नवा मुखवटा पुढल्या दिवसांत झाला. काही साक्षात्कार वगैरे होऊन झाला नाही. राघो वखारीवरून येई, दिवेलागणीपर्यंत काम करी. शकू अंगात जोर आल्यावर लगद्यात हात घालू लागली, एकदा तिनं देवीच्या कपाळाला मूठभर लगदा फेकून मारला. तो काढताना कपाळाला एक उंचवटा राहिला आणि बरा दिसला म्हणून राघोनं ठेवला. दुसऱ्यांदा तिनं खळीचं भांडं पालथं केलं. चंद्रकला धावत आली. तिला पोरीला रट्टा द्यायचा होता, पण नुकतीच आजारातून उठलेली म्हणून देववेना. ती तशीच उभी राहिली, ओठ एका बाजूला आवळून. राघोनं पाहिलं. त्याच्या अंगठ्यानंही पाहिलं. आतला तो मापं घेणारा अजून तिथंच होता, कुठं गेला नव्हता. तो जाणार नाही हे राघोला आता कळलं होतं. पण तो दुःखाचाच भुकेला नव्हता. त्याला काहीही चालत होतं, खळ सांडली तरी चालत होतं.

"काय बघताय?" चंद्रकला म्हणाली.

"काय नाय. ओठ असेच ठेव जरा."

तिनं ठेवले नाहीत. पण त्याला पुरे झालं होतं.

कोळशाच्या गॅसवरची मोटार किन्हवलीवरून सरळगावला पोचेपर्यंत दोनदा बंद पडली. पुढं राघो बैलगाडीनं गावात आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. देवळापुढच्या पारावर नामानं टोपलीवरचं फडकं काढलं. चार माणसं जमली. नामा टोपलीवर वाकला.

"चांगली झालीय," तो म्हणाला. "पर मागच्यावानी नाय. ही रागावलीय."

"रागावली नाय," दुसरा एक म्हातारा म्हणाला. "राग गिळलाय तिनं. जपून र्‍हावा पोरांनो."

"औंदा घरात काय झालं काय रे?" नामानं आवाज उतरवून विचारलं.

"काय नाय," राघो म्हणाला. "पोरगी आजारी व्हती. बरी झाली."

नामाला ते पुरेसं वाटलं नाही, पण त्यानं टोपली उचलून देवळात नेली. माणसं पांगली. धोंडीबाई तेवढी पाराच्या कडेला बसून होती. तिनं मुखवटा लांबूनच बघितला होता. राघो तिच्याजवळ जाऊन बसला.

"ही माझी काशी नाय," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात.

"नाय, आई." राघोनं बंडीच्या खिशातून हिरव्या कापडाची घडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं ती उलगडली, टाके चाचपले. तिनं ओळखलं, हे तिच्या बोटांवरून कळलं. मग त्यानं तिला सगळं सांगितलं. मागची जगदंबा काशी असतानाच पुरी झाली होती, काशीनंच शेवटी अस्तर लावलं होतं, रडणं-बिडणं काही नव्हतं, आपण सगळेच चुकीचं धरून बसलो होतो. सांगताना त्याला भीती वाटत होती. या बाईला दर वर्षी नारळ ठेवायला एक जागा होती, ती आपण काढून घेतो आहोत, असं त्याला वाटत होतं.

धोंडीबाई कापडाकडे बघत राहिली. तिनं देवीचं काही विचारलं नाही.

"मंग काय करत व्हती ती तवा?" ती म्हणाली. "तू रंग देत व्हतास तवा."

आठ वर्षांत राघोला काशीबद्दल कुणी हे विचारलं नव्हतं. ती कशी गेली एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यालाही तेवढंच ठाऊक उरलं होतं. तो आठवू लागला, आणि जरा वेळानं ते आलं.

"खात व्हती," तो म्हणाला. "मी रंगात घालायच्या खळीसाठी चिंचोके भाजून ठेवले व्हते. ते येकयेक उचलायची न् कडाकडा फोडायची. मी बोललो, अगो देवीची खळ हाय ती. तर बोलते, देवीला काय पोट हाय का माझ्यावानी. अर्धे संपवले तिनं. खळ कमी पडली, मला परत मागून आणाय लागले."

"अर्धे?"

"अर्ध्याच्या वरच."

धोंडीबाईनं कापडाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"दात लय चांगले व्हते तिचे," ती म्हणाली.